मुदतवही आणि संगणकातील दिनदर्शिका

स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला की प्रतिवर्षी मी वखारी, अडत अथवा बाजारपेठेतील तोलाईचे नियम यांपैकी एखादा विषय घेऊन चार पाने लिहून देत आलो आहे. यंदा मात्र संपादक मंडळातील तरुण सभासदांनी निराळाच आग्रह धरला. ‘‘काका, संगणकातल्या दिनदर्शिकेने तुमच्या पेढीवर जो घोळ घातला, तो लिहा. तसा घोळ निम्म्या बाजारात चालू आहे, पण कोणी बोलत नाही,’’ असे त्यांचे म्हणणे पडले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. संगणकाशी माझा परिचय झाला तो वयाची पन्नाशी उलटल्यावर. तेव्हा या विषयावर अधिकारवाणीने लिहिण्याचा मला काहीही अधिकार नाही. नुकसान सोसलेल्या माणसाची हकीकत एवढ्याच नात्याने सभासद बंधूंनी आणि भगिनींनी हे वाचावे.

प्रथम जुन्या मुदतवहीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. बेळगावच्या रविवार पेठेत आमच्या तीर्थरूपांची पेढी होती. रोजमेळ आणि खतावणी यांखेरीज तेथे तांबड्या कापडाच्या बांधणीची एक अरुंद वही असे. तिच्यात प्रत्येक दिवसाला एक पान, वर इंग्रजी तारीख आणि तिच्या शेजारी तिथी. कोणाचे देणे केव्हा, कोणाचा वायदा केव्हा, गोव्याला गाडी कोणत्या दिवशी सुटणार, हे सारे त्यात टिपलेले असे. वडिलांची एक रीत होती. देण्याची नोंद ते दोन ठिकाणी करीत : एकदा मुदतीच्या दिवशी आणि एकदा त्याच्या आठ दिवस आधी. मागच्या नोंदीपुढे नुसती एक उभी रेघ ओढलेली असे. ती रेघ दिसली की दिवाणजींनी गल्ल्यातील आणि बँकेतील शिल्लक पाहून रकमेची तजवीज करावयाची, असा दंडक होता. त्या वहीला ना वीज लागे, ना कोणी तंत्रज्ञ. परंतु ती वही आमच्या पेढीची होती. शनिवारची धावपळ, रविवारची सुट्टी, चतुर्मासातील उपवास, दशलक्षण पर्वातील कमी केलेले तास, हे सारे तिला ठाऊक होते, कारण लिहिणाऱ्याला ते ठाऊक होते.

संगणकातील दिनदर्शिकेला यांतील काहीच ठाऊक नसते. तरीही ती कोरी मात्र नसते. इथेच खरी गोम आहे. आमच्या पेढीवर टपालासाठी मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘आउटलुक’ ही प्रणाली आहे आणि तिच्याच पोटात दिनदर्शिका आहे. प्रणाली बसविल्याबरोबर ती कोणा एका परक्या माणसाच्या आठवड्याप्रमाणे चालू लागते. त्या माणसाचे काम सकाळी आठला सुरू होते, सायंकाळी पाचला संपते, आणि सोमवार ते शुक्रवार एवढेच त्याचे कामाचे दिवस. कामाचा आठवडा दाखविणारे दृश्य उघडले तर त्यात शनिवार मुळी दिसतच नाही! बेळगावात शनिवार हा आठवड्याच्या बाजाराचा दिवस. आमच्या वसुलीपैकी मोठा भाग त्या दिवशी येतो. पहिले काही महिने आम्ही शनिवारची कामे लिहीत होतो आणि ती दिसत नाहीत म्हणून पुन्हा लिहीत होतो. हे किती हास्यास्पद होते, ते आता कळते.

वास्तविक हे बदलणे कठीण नाही. जुन्या पद्धतीच्या आउटलुकमध्ये ‘फाइल’, त्यात ‘ऑप्शन्स’, त्यात ‘कॅलेंडर’ असे गेले की पहिल्याच भागात कामाचे तास आणि वार येतात. शनिवारच्या चौकटीत खूण केली, आरंभ दहाचा व शेवट साडेसातचा केला, आठवड्याचा पहिला वार रविवारऐवजी सोमवार केला, एवढ्याने दिनदर्शिका निम्मी तरी आपली झाली. नव्या आवृत्तीत हीच व्यवस्था वरच्या बाजूच्या दातेरी चाकाच्या खुणेखाली सापडते. कामाचे तास बदलल्याने नोंदी पुसल्या जात नाहीत. केवळ आपल्या वेळेचा पट्टा उजळ आणि बाकीचा फिका दिसू लागतो. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम आहे, तेथे सायंकाळचा तास दीड तास रोज राखून ठेवण्याची नोंदही करता येते, म्हणजे त्या वेळेत कोणी बैठक ठेवू पाहील तर आपण मोकळे नाही हे त्याला आधीच कळते. आमच्या घरी सूनबाईंनी ही युक्ती काढली आणि तेव्हापासून जेवणाच्या वेळी पेढीवरून येणारे निरोप बरेच कमी झाले.

आता मुख्य हकीकत. एका वर्षी आमचा संगणक बिघडला. शहरातील एका तंत्रज्ञाने तो दुरुस्त करून, सर्व प्रणाली नव्याने बसवून परत आणून दिला. पडद्याच्या कोपऱ्यातील घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी मिनिटानिशी जुळत होते, म्हणून आम्ही समाधानाने त्याचे पैसे चुकते केले. पुढे जानेवारीत नवी मुंबईच्या एका आयातदाराकडून संगणकाच्या टपालाने बैठकीचे निमंत्रण आले. ब्रह्मदेशातील तूर येऊ घातली होती. विकणारा, आयातदार आणि आम्ही तिघेचौघे घेणारे यांनी पडद्यावरच एकत्र बसून भाव ठरवावयाचा होता. निमंत्रण स्वीकारल्यावर आमच्या दिनदर्शिकेत ते आपोआप लिहिले गेले : रात्रीचे अडीच!

चिरंजीव म्हणाले, ‘‘बाबा, त्यांच्या माणसाने दुपारच्याऐवजी रात्रीचे लिहिले दिसते.’’ मलाही तेच पटले. आम्ही दुपारी अडीच वाजता संगणक उघडून, कागद पेन्सिल घेऊन बसलो. अर्धा तास वाट पाहिली, कोणी आले नाही. बैठक रद्द झाली असावी असे समजून मी वखारीत माल मोजून घेण्यास गेलो आणि फोन पेढीवरच राहिला. बैठक होती चार वाजता. आम्ही नाही असे पाहून आमच्या वाट्याची तूर दुसऱ्याने घेतली. सायंकाळी दलालाचा फोन आला. ‘‘शेठजी, आपण आला नाहीत, तेव्हा आपली इच्छा नसावी असे आम्ही समजलो.’’ त्या तुरीचा भाव पुढे काय झाला हे लिहून जखमेवरची खपली काढण्यात अर्थ नाही.

असे का घडले, हे समजण्यास आम्हाला तीन दिवस लागले. संगणकाला दोन गोष्टी सांगाव्या लागतात : घड्याळात किती वाजले, आणि हे घड्याळ कोणत्या देशातले. तंत्रज्ञाने दुसरी गोष्ट तशीच सोडली होती. त्यामुळे आमचा संगणक स्वतःला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर समजत होता. तेथील वेळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते. घड्याळ चुकीचे दिसू लागल्यावर त्या गृहस्थाने नुसते काटे पुढे सरकवून आपली वेळ आणली. बाहेरून येणारे निमंत्रण मात्र जागतिक वेळेत येते आणि संगणक आपल्या समजुतीच्या देशाप्रमाणे ते उलगडतो. मुंबईचे दुपारचे चार म्हणजे जागतिक वेळेचे साडेदहा, आणि अमेरिकेच्या त्या किनाऱ्यावर रात्रीचे अडीच. संगणकाचा हिशेब बरोबर होता. आम्ही त्याला चुकीच्या गावी बसविले होते. आमच्या हाताने लिहिलेल्या नोंदी मात्र जशा लिहिल्या तशाच दिसत, म्हणून इतके महिने कोणाला शंका आली नाही.

यावरचा उपाय करताना आणखी एक धडा मिळाला. चिरंजिवांनी प्रदेश बदलून ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ हा साडेपाच तासांचा विभाग निवडला, घड्याळ पुन्हा ठीक केले, आणि क्षणार्धात आमच्या स्वतःच्या साऱ्या जुन्या नोंदी जागच्या हलल्या! सकाळी अकराची नोंद मध्यरात्रीनंतर साडेबारावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी गेली. ज्या नोंदी पूर्ण दिवसाच्या होत्या, त्या दोन दोन दिवसांवर पसरल्या. देण्याची मुदत चोवीस तारखेची की पंचविसाची, हे पडद्यावरून सांगता येईना. उन्हाळ्यातील नोंदी साडेतेराऐवजी साडेबारा तासांनी सरकल्या, कारण अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात. अखेर दिवाणजींनी कपाटातून मुदतवही काढली. ती त्यांनी हट्टाने चालू ठेवली होती, आणि त्याबद्दल मी त्यांना कित्येकदा हसलो होतो. दोन रात्री बसून आम्ही प्रत्येक नोंद वहीवरून ताडून घेतली. तेव्हापासून मी हसत नाही.

ज्यांचा व्यवहार परदेशी मालाशी येतो, त्यांनी याच पानावरील दुसरी एक सोय अवश्य पाहावी. आपल्या वेळेच्या पट्ट्याशेजारी दुसऱ्या देशाच्या वेळेचा पट्टा दाखविता येतो आणि त्याला आपल्या मनाचे नाव देता येते. आम्ही एका पट्ट्याला ‘बेळगाव’ आणि दुसऱ्याला ‘यांगून’ असे नाव दिले आहे. यांगूनची वेळ आपल्यापुढे एक तास. दुबईची दीड तास मागे. मसूर येतो तो बहुतांशी कॅनडातून, आणि तेथे एक मौज आहे : कॅनडाचे बहुतेक प्रांत वर्षातून दोनदा घड्याळ फिरवितात, परंतु मसुराचे माहेर जो सस्कॅचेवान प्रांत, तो जवळजवळ सर्व ठिकाणी फिरवीत नाही. म्हणून प्रणालीतील यादीत सस्कॅचेवानचे नाव स्वतंत्र दिलेले आहे. ‘मध्य अमेरिका-कॅनडा’ असा शेजारचा विभाग निवडला तर उन्हाळाभर एका तासाची चूक होत राहील.

आता स्मरण देण्याची व्यवस्था. परक्या माणसाच्या सवयी सर्वांत महाग पडतात त्या इथे. प्रणाली कोणत्याही ठरलेल्या वेळेच्या नोंदीचे स्मरण पंधरा मिनिटे आधी देते. बैठकीच्या खोलीत जाऊन बसण्यास पंधरा मिनिटे पुष्कळ झाली, पण तीन लाखांचे देणे उभे करण्यास ती काय कामाची? मुळात जे पंधरा मिनिटांचे आहे, ते ‘कॅलेंडर’च्याच पानावर आपल्या सोयीने बदलता येते. शिवाय प्रत्येक नोंदीपुरते वेगळेही ठेवता येते. यादीत दोन आठवड्यांपर्यंतचेच पर्याय दिसतात, पण त्या चौकटीत ‘तीन आठवडे’ असे इंग्रजीत टंकले तरी ते मान्य होते. वडिलांच्या त्या उभ्या रेघेप्रमाणे आम्ही देण्याच्या नोंदींना आठ दिवसांचे स्मरण लावले आहे.

हे आज पूर्वीपेक्षा अधिक निकडीचे झाले आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावेत, हा कायदा २००६ चा. २०२३ च्या वित्त कायद्याने त्याला दात दिले : मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली त्या वर्षी धरली जाते. ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. आपल्यापैकी बहुतेकांची डाळ लहान मिलवाल्यांकडून येते, म्हणजे हा नियम आपल्या उंबऱ्याशी आला. (आम्हा घाऊक व्यापाऱ्यांना २ जुलै २०२१ च्या निर्णयाने याच वर्गात घेतले खरे, पण ते बँकांच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरते. आमचे पैसे अडकले तर या कायद्याचा आधार आम्हाला नाही. हा न्याय कोणता, हे मला अद्याप उमगलेले नाही.) माल स्वीकारला त्याच दिवशी नवी नोंद उघडून तारखेच्या चौकटीत ४५ आकडा आणि त्याला जोडून इंग्रजी ‘डी’ हे अक्षर टंकले की प्रणाली स्वतःच पुढची तारीख काढते. १० ऑगस्टला माल घेतला तर २४ सप्टेंबर. बोटांवर महिने मोजताना एकतीस दिवसांचा महिना कोणता यावर आमच्या पेढीवर होणारे वाद यामुळे संपले.

दरमहा येणाऱ्या मुदतींसाठी नोंद पुनःपुन्हा लिहावी लागत नाही. कापलेला आयकर भरण्याची ७ तारीख, आणि दरमहा विवरण भरणाऱ्यांसाठी वस्तू व सेवा कराच्या ११ आणि २० तारखा एकदाच आवर्ती करून ठेवाव्या. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या बंद पिशव्यांवर कर आला, तेव्हापासून अशा पिशव्या विकणारे सभासदही या तारखांच्या कक्षेत आले आहेत. ‘महिन्याचा दुसरा शनिवार’ अशीही आवर्ती नोंद करता येते. १ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, त्यासाठी ती उपयोगी पडते. मात्र शासनाने एखाद्या महिन्याची मुदत वाढविली आणि आपण ती नोंद सरकवू लागलो, तर प्रणाली एक प्रश्न विचारते : ही एकच नोंद बदलावयाची की सारी मालिका? हा प्रश्न न वाचता पुढे जाऊ नये. आमच्याकडे एकदा घाईत सारी मालिका बदलली गेली आणि पुढील महिन्यात कर भरण्याची तारीख पाच दिवस उशिरा दिसू लागली. दंड फार नव्हता, पण व्याजासह भरावा लागला.

स्मरणाच्या खिडकीविषयी एक सूचना. जुन्या पद्धतीची प्रणाली चालू नसेल तर स्मरण येत नाही. सुट्टीनंतर सोमवारी ती उघडली की साऱ्या थकलेल्या सूचना एकदम समोर येतात. त्या वेळी ‘डिसमिस ऑल’ हे बटण दाबण्याचा मोह होतो. ते दाबले की साऱ्या गेल्या. त्याऐवजी ‘स्नूझ’ करून एकेक निकालात काढावी. तसेच होऊन गेलेल्या नोंदींची स्मरणे आपोआप काढून टाकण्याची एक सोय ‘ॲडव्हान्स्ड’ या भागात आहे. ती कचेरीतील माणसास सोयीची असेल. व्यापाऱ्याचे मात्र गेलेल्या तारखेचे देणे संपलेले नसते, म्हणून आम्ही ती बंद ठेवली आहे.

सणवार व तिथी यांचा प्रश्न मात्र पुरता सुटलेला नाही. देश निवडला की प्रणाली सुट्ट्यांची एक यादी दिनदर्शिकेत घालते, परंतु सीमाभागातील व्यापाऱ्याचे तेवढ्याने भागत नाही. आमची बँक कर्नाटकातील, भरपूर गिऱ्हाईक गोव्यातील आणि माल महाराष्ट्रातून येणारा. १ नोव्हेंबरला कर्नाटकात सुट्टी, १९ डिसेंबरला गोव्यात. हे सारे हातानेच लिहावे लागले. पैसे पाठविण्याचा प्रश्न आता तितका राहिलेला नाही, कारण डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस अहोरात्र चालू आहे. पण गाड्या, हमाल आणि गिऱ्हाइकांची दुकाने बंद असतात, ते कोणत्या प्रणालीने टळणार? पर्यायी कालगणनेत हिजरी, हिब्रू, चिनी चांद्र अशा गणना दाखविता येतात. वीर निर्वाण संवत् त्यात नाही. तिथी दरवर्षी निराळ्या तारखेस येत असल्यामुळे वार्षिक आवर्ती नोंदही चालत नाही.

माझ्या नातीने यावर एक मार्ग काढला. पंचांगावरून अष्टमी, चतुर्दशी, दशलक्षण पर्व आणि दीपावली यांच्या तारखा तिने एका तक्त्यात लिहिल्या, तो तक्ता स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या स्वरूपात जतन केला आणि ‘इम्पोर्ट’ करून एका दमात दिनदर्शिकेत घातला. पहिल्या खेपेस ५ सप्टेंबरची तिथी ९ मे रोजी जाऊन बसली! ‘‘आजोबा, याला अजून अमेरिकेतून पुरते आणलेले नाही,’’ ती म्हणाली. संगणकाची तारीख लिहिण्याची रीत अमेरिकन, म्हणजे आधी महिना मग दिवस, अशीच राहिली होती. ती रीत बदलून पुन्हा घातल्यावर सर्व ठीक झाले. हा तक्ता तिने निराळ्या दिनदर्शिकेत ठेवला आहे. वाटेल तेव्हा मुख्य दिनदर्शिकेवर आरपार पसरता येतो, नको तेव्हा झाकता येतो. ज्या सभासदांस तो हवा असेल, त्यांनी पेढीवर येऊन खुशाल उतरवून घ्यावा.

रंगांविषयी फार लिहीत नाही. शासकीय देणे तांबडे, मिलवाल्यांचे निळे, वसुली हिरवी, एवढे तीन रंग आम्हाला पुरतात. चिरंजिवांनी अकरा केले होते, त्यांचा अर्थ त्यांनाच आठवेना. मात्र दिनदर्शिका दिवाणजी किंवा मुलांशी वाटून घेताना कोणास किती दिसावे हे पाहून ठरवावे. ‘मोकळे की गुंतलेले’ एवढेच दाखविण्याचीही सोय आहे. कोणाकडून किती आणि केव्हा यावयाचे, हे सर्वांना दिसणे बरे नव्हे.

आणि शेवटचे म्हणजे, जुन्या धर्तीच्या टपालखात्यात दिनदर्शिका आपल्याच संगणकातील एका फाइलीत राहते. संगणक दुरुस्तीस देण्यापूर्वी तिची प्रत काढली नाही तर सारी मुदतवही त्याबरोबर जाते. आमचा संगणक यंदा पुन्हा कुरकुर करू लागला आहे. मार्चचा हिशेब आटोपला की तंत्रज्ञाला बोलवावे लागेल. नातीने पडद्याच्या कडेला आतापासूनच एक चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे : ‘आधी मुंबई निवडा, मग काटे फिरवा.’ दिवाणजींनी तिच्याखाली पेन्सिलीने लिहिले आहे : ‘वही कपाटात, किल्ली माझ्याकडे.’